बिनआवाजाचा क्लास

आचरा, १२ फेब्रुवारी

प्रिय सावित्री,

परवा तू विचारलंस, पूजा फोनवर नुसतं 'हं' का करते. अभ्यास असतो गं, म्हणून मी वेळ मारून नेली. खोटं बोलले. खरं सांगायला फोन नको वाटतो, ती समोरच बसलेली असते.

दोन वर्षांपूर्वी लेकीला माझ्याकडे ठेवून मुंबईला जाताना तू म्हणालीस, हिला स्वसंरक्षण शिकव, क्लास तूच पारख, तू पी.टी.ची बाई. काय ऐटीत निघाले होते मी! मालवणच्या क्लासात भिंतभर पदकं, आणि हात लागायच्या आधीच मुलं धपाधप पडायची. कुडाळचा म्हणजे निव्वळ नाच. मग आपल्या बाजारातला सिद्धेश सरांचा. बावीस मुली, आणि पायांखेरीज कसलाच आवाज नाही. सर बोटाने खूण करत, मुली पडत, उठत. तीस वर्षं शिट्टी फुंकून पोरं गप्प केलेली मी, मला ती शिस्त बघून भरूनच आलं. दहापैकी दहा लिहून सही केली. तो कागद त्यांनी फ्रेम करून दारात लावलाय.

गेल्या रविवारी पूजा आंबोळ्या काढत होती. मी सहज आत गेले, तर तव्याची कड लागून तिच्या मनगटाची कातडी सोलली होती आणि डोळ्यांतून पाणी गाळत ती पुढची आंबोळी उलटत होती. हूं नाही की चूं नाही. मासे घेऊन आलेली राधाबाई दारातून बघतच राहिली. "गो बाय, ह्या चेडू आरडत कित्याक नाय?" पोर ओरडत का नाही, हे मग मलाही रात्रभर छळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी न सांगता क्लासच्या खिडकीशी गेले. सरांनी पूजाची मान मागून कोपरात आवळली होती. तिचा चेहरा लाल, मग काळसर. एकवीस जणी बघत होत्या. एकीला नुसता खोकला आला, तर सगळ्यांना पहिल्यापासून सुरुवात. मी आत धावले तेव्हा सर नम्रपणे म्हणाले, "आवाज केल्यार ताकद जाता, बाई. दहापैकी दहा तुम्हीच दिल्यात."

पूजाला तशीच किनाऱ्यावर नेली. म्हटलं, ओरड. तिने तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या, पण आवाज नाही. मीच ओरडून दाखवायला गेले, तोच तिचा तळहात माझ्या तोंडावर बसला. घट्ट, सरावाचा. मला तुझ्या लेकीची भीती वाटली गं.

पूजाचा क्लास मी बंद केला. बाकीच्या एकवीस घरांतही जाऊन आले. मुलगी किती गुणी झाली म्हणून सगळीकडे मलाच चहा मिळाला.

तुला आठवतं, रामनवमीच्या गर्दीत एकाने तुझा दंड धरला होता? अशी बोंब ठोकलीस की ढोल थांबले आणि तो चपला टाकून पळाला. तेव्हाही मी शेजारी उभी राहून तुलाच गप्प करत होते, लोक बघतायत म्हणून.

जूनमध्ये पूजा हॉस्टेलला जाईल. त्याआधी तू ये, सावित्री. मला फक्त गप्प करता येतं. तिच्यासमोर उभी राहून एकदा तशीच बोंब मार. ती तुझं तोंड दाबेल. तू थांबू नकोस.

तुझीच,
शर्मिला