दोन नंबरच्या कोठारातली टकटक

३ फेब्रु., ब्रह्मपुरी
शाळेत शिकवून आले तर बाबा भिंतीला कान लावून बसलेले. भर दुपारी.
"सुषे, ऐक. कोनी तरी ठोकून राह्यलं."
पलीकडे रिकामा प्लॉट. चहा ठेवला, आणि मलाही ऐकू आलं. टक टक. थांबून पुन्हा टक.
उंदीर असेल.

५ फेब्रु.
उंदीर नाही. गवंड्याने भिंत ठोकून पाहिली, भरीव आहे. तो गेल्यावर बाबा आपणहून बोलले. नौसेनेतलं आईलाही कधी सांगितलं नव्हतं त्यांनी.
जहाज मूळचं व्यापारी, परदेशी बांधणीचं, गहू-तांदूळ वाहणारं. एकाहत्तरच्या लढाईत नौसेनेने घेतलं. करडा रंग फासला, नाव पुसून नंबर टाकला, पुढे एक तोफ बसवली. मग तोफगोळे, डिझेलची पिंपं, पीठ, जे लागेल ते. बाबा तेव्हा विशीतले, डेकवर पहाऱ्याला.
"माल भरला, झाकन लावलं, निघालो. दुसऱ्या दिवशी दोन नंबरच्या कोठारातून टकटक. साहेब म्हने माल सरकून राह्यला. खाली गोळे, झाकन उघडाची परवानगी नाई. बंदरात उघडलं तं पोत्यांवर चपलांचा जोड. मानूस नाई."
"हमाल राहिला असेल आत."
"राह्यला, तं गेला कुठी?"

८ फेब्रु.
कानाच्या डॉक्टरांकडे. वयामुळे भास होतात म्हणाले. मलाही ऐकू येतं, हे सांगितलं नाही.
परतताना बाबा एकदम म्हणाले, नित्यानंदले भेटाचं हाय. मुलचेऱ्याजवळच्या बंगाली निर्वासितांच्या वसाहतीतला. त्याच जहाजावर भटारखान्यात होता. अख्ख्या जहाजावर आपल्या जंगलाकडचे हे दोघंच, म्हणून दोस्ती. लढाईनंतर भेट नाही.

१५ फेब्रु., रविवार
मुलचेरा. गडचिरोलीहून पुढे सगळा रस्ता सागाचा, पानं झडलेली. बाबा खिडकीशी.
नित्यानंदकाका खाटेवर. बाबांना पाहून रडले. बाबांनी जेवायच्याही आधी विचारलं, "दोन नंबरात तुले काई ऐकू आलं होतं काय?"
काकांनी खाटेच्या लाकडावर बोटाने ठोकून दाखवलं.
"भटारखान्याची भिंत त्यालाच लागून. तिकडून आवाज आला, मी पण ठोकला. मग तो रोज ठोकायचा."
"तू ठोकलं? मले वाटे तो मलेच बोलवून राह्यला."
लढाई संपली, नौसेनेने जहाज परत दिलं. काका त्यावरच राहिले. आधी मदतीचा तांदूळ, मग वर्षानुवर्षं कोळसा. शेवटी किनाऱ्यावर नेऊन तोडलं. "तोडताना पण ऐकला मी. मग बंद."
"मंग माह्याकडे आला," बाबा म्हणाले. जहाज तुटलं तेव्हा मी पहिलीत असेन. म्हणजे तेव्हापासून ऐकत होते बाबा?
काकांच्या सुनेने मासे-भात वाढला. माझं अर्धं ताट तसंच. ते दोघं मात्र पोटभर जेवले.

१७ फेब्रु.
आवाज नाही. कालही नव्हता. हायसं वाटलं.

२० फेब्रु.
बाबांनी जेवण टाकलंय. भिंतीजवळची खुर्ची सोडत नाहीत. "माहं काई चुकलं काय?" कोणाला विचारत होते, कळलं नाही. माझ्याकडे पाठ होती.

२२ फेब्रु.
नित्यानंदकाकांच्या सुनेचा फोन. "दीदी, तुमच्या घरी काही आवाज व्हायचा का? आमच्या चुलीमागच्या भिंतीतून येतो. सासरे दिवसभर उत्तर देतात. हसतात."
फोन स्पीकरवर होता. बाबा उठले, पिशवीत दोन धोतरं कोंबली.
"मी जातो मुलचेऱ्याले."
"किती दिवस?"
"ते मले का माईत."
"बाबा, तो आहे तरी कोण?"
"कोनी का असेना. एवढी वरसं सोबत होता नं."
ते अंगणात हात-पाय धुवायला गेले, तेव्हा भिंतीपाशी जाऊन मीच ठोकून पाहिलं. दोनदा.
कान लावून थांबले तिथंच.