जमिनीवरून उठायचंय

३ फेब्रुवारी, सोमवार

उठता आलं नाही! नवऱ्या मुलीच्या गाऊनची खालची पट्टी धरत होते. गुडघे जमिनीवर, तोंडात टाचण्या. पट्टी धरून झाली, उठायला गेले, तर गुडघे ढिम्म! टाचण्यांमुळे ओरडताही येईना. शेवटी नवऱ्या मुलीने एक काख धरली, तिच्या आईने दुसरी, आणि भर दुकानात मला पोत्यासारखं उभं केलं. वर ती आई म्हणते, "या वयात कशाला खाली बसता? दुसऱ्या कुणाला सांगा ना."

बावन्न म्हणजे काय वय झालं?

आणि माझी धाकटी जाऊ! दुकान आम्हा दोघींचं. मशिनी दोन, चांगली कात्री एक, त्यामुळे भांडणाला तोटा नाही. ती टपलेलीच होती. "ताई, उद्यापासून तुम्ही काउंटर बघा. खालचं मी करते." आवाज असा की साखर विरघळावी. आयतंच फावलं हिचं!

४ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर पावत्या फाडल्या. धाकटीने एका पट्टीला अर्धी सकाळ घालवली. गिऱ्हाइकाला चक्क स्टुलावर उभं केलं! म्हणे नवीन पद्धत. नाचता येईना, अंगण वाकडं. अहो, घेर जमिनीवरूनच बघावा लागतो. पट्टी एका बाजूला उतरली तर वरून कळत नाही, ती कळते रस्त्यावर, आणि तोवर गिऱ्हाईक चारचौघांत गेलेलं असतं. इतक्या वर्षांत माझी एक पट्टी परत आलेली नाही. आणि मी पावत्या फाडायच्या?

नवरी मार्चअखेरीस गाऊन शेवटचा घालून बघायला येणार आहे. त्या दिवशी तिच्या आईसमोर मी खाली बसणार आणि माझी मी उठणार. नाही जमलं तर कात्री धाकटीच्या हातात देऊन काउंटरवर जन्म काढीन. लिहिलं एकदाचं. आता माघार नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टर म्हणाले, हाडं ठीक आहेत, मांड्यांत ताकद नाही. जिमला जा. मी हसले. ते हसले नाहीत.

दुकानाच्या पलीकडच्या गल्लीत एक जिम आहे. रस्त्याकडची अख्खी भिंत काचेची! आतले घाम गाळतात, बाहेरचे फुकट बघतात. आज समोरून येरझाऱ्या घातल्या. आत एक पैलवान होता, दंड सतरा इंच तरी असेल. त्याला बाही बसवायची म्हणजे शिंप्याची परीक्षाच. तो वजन उचलताना असा ओरडला की बाहेर मीच दचकले. घरी आले.

९ फेब्रुवारी, रविवार

बाकी काही ठरेना, म्हणून कपड्यांपासून सुरुवात केली. विकतच्या पँटी अंगाला अशा चिकटतात की माणूस सोलल्यासारखं दिसतं. स्वतःच शिवली. ढगळ, मजबूत, दोन खिसे. ह्यांनी उचलून बघितली. "कुणाची गं ही? अंगापेक्षा बोंगा मोठा!"

"आहे एक गिऱ्हाईक. तऱ्हेवाईक."

"बाई आहे का तंबू?"

ह्यांना आज चहा दुसऱ्यांदा मिळाला नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गेले! बटणं आणायला जाते असं धाकटीला सांगून सुटले. ट्रेनर म्हणजे एक काटकुळी पोरगी, माझ्या मापाच्या टेपएवढी. कागद घेऊन म्हणाली, "काकू, ध्येय काय तुमचं? वजन कमी? पोट कमी?"

म्हटलं, "जमिनीवरून उठायचंय."

"म्हणजे... पुढे?"

"पुढे काही नाही. उठलं की मी कामाला लागेन."

तिने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. मग सोमवारचा, म्हणजे पहिल्या दिवसाचा, बेत सांगितला. थोडं चालायचं. मग उंच बाकावर बसायचं, उठायचं. जमलं तर बाक थोडा बुटका घ्यायचा. भिंतीला हात टेकून ढकलायचं. संपलं. "एवढंच?" म्हटलं. "एवढंच. दुसऱ्या दिवशी तुम्ही परत यायला हव्यात ना!" पोरगी हुशार आहे.

थोडक्यात, उठाबशा! शाळेत शिक्षा म्हणून काढल्या, आता पदरचे पैसे मोजून काढायच्या.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तिचा बेत ठीक आहे, पण त्यात महत्त्वाचं काहीच नाही. काचेपासून लांबचा कोपरा कोणता? पैलवान कधी येतो? पाणी प्यायचं निमित्त किती वेळा चालतं? ओळखीचं कुणी दिसलं तर काय सांगायचं? (भाचीला शोधायला आले होते.) हे सगळं मी ठरवलंय. घरी तालीम म्हणून खुर्चीवर बसत-उठत होते. हे दारात येऊन उभे. "काय हरवलं?" म्हटलं, "सुई." बिचारे मुकाट्याने शोधायला लागले.

१६ फेब्रुवारी, रविवार

उद्या ताप आला तर बरं होईल.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ताप आला नाही.

गेले. ठरवलेल्या कोपऱ्यात नेमका पैलवान! बेताचे बारा वाजले ते तिथेच. तो खांद्यावर वजनाचा दांडा घेऊन खाली बसला आणि — टर्रर्र! पँटची मागची शिवण, वरपासून खालपर्यंत. दांडा ठेवला आणि आरशाला पाठ लावून उभा राहिला. तोंड लालबुंद. एवढा मोठा गडी, डोळ्यांत पाणी यायचं बाकी.

मला राहवलं नाही. खिशात सुईदोरा असतोच. म्हटलं, "वळ रे बाळा, हलू नकोस." आणि सवयीने गेले खाली! धावदोरा घातला, उलटा टाका मारला, दोरा दातांनी तोडला. तो "थँक्यू काकू, थँक्यू काकू" करतोय. आणि मग लक्षात आलं, आपण जमिनीवर आहोत. भर जिममध्ये. काचेपलीकडे रस्ता!

पैलवान हात द्यायला वाकला, तर पोरगी ओरडली, "हात लावू नका कुणी!" माझ्या शेजारी गुडघे टेकून बसली. "काकू, बेत बदलला. एक पाय पुढे घ्या. टाच टेकली? आता हात त्या मांडीवर. नाक पायाच्या बोटांच्या पुढे. घाई नाही. ढकला." नाही जमलं. धपकन खाली. परत. परत धपकन! तिने बाक ओढून आणला, एक हात त्यावर टेकवला. मग उठले. एक हात बाकावर, पण उठले. कुणी ओढलं नाही मला.

पैलवानाने टाळ्या वाजवल्या. जपून, शिवण सांभाळून.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

खुर्चीत बसता येत नाही. बसलं तर उठता येत नाही. हसलं तरी मांड्या दुखतात, म्हणून ह्यांच्याशी बोलणं बंद ठेवलंय.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकटी म्हणाली, "ताई, रोज बटणं आणायला जाता, बटणं कुठायत?" म्हटलं, तुला काय करायचंय, तुला मिळालं ना हवं ते? आजही टाचण्या वेचत जमिनीवर कितीतरी वेळ रेंगाळली. मालकीणबाई! माझी जागा घेतलीस तर निदान कामाला वेग तरी दाखव. हे तोंडावर बोलले. बरं वाटलं.

१४ मार्च, शुक्रवार

आज बाक नाही. फक्त मांडीवर हात. दोनदा!! पोरगी नाचली. घरी येऊन दार लावून पुन्हा करून बघितलं, खरंच आहे ना म्हणून. खरंच आहे.

२९ मार्च, शनिवार

नवरी आली. आई आली. धाकटी स्टूल ओढायला लागली. म्हटलं, "राहू दे, मी बघते." आई म्हणाली, "अहो, परत?" मी खाली. धाकटीने शिवताना डाव्या अंगाला पट्टी उतरलीच होती, वरून कुणाला दिसली असती का? सगळी नीट धरली. मग पाय पुढे, टाच टेकली, हात मांडीवर — आणि उभी! नवरीने मिठीच मारली. आईचा चेहरा बघण्यासारखा होता, मी मनसोक्त बघितला.

धाकटी मात्र डोळ्यांना पदर लावून आत निघून गेली. झोंबल्या मिरच्या नाकाला! आज मला छान झोप लागणार.

३० मार्च, रविवार

दुकान बंद. दुपारी धाकटी आली. दारातूनच, "ताई, उद्यापासून खालचं काम तुम्हीच करणार ना? नक्की?" म्हटलं, करणार, वाईट वाटलं का? तर मटकन बसली आणि रडायलाच लागली. "वाईट कसलं हो! सुटले मी! माझे गुडघे तुमच्याआधीच गेलेत. पण त्या दिवशी तुमची अवस्था बघितली. दोघीही काउंटरवर बसलो असतो तर दुकान बंदच करावं लागलं असतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलू दिलंत का?"

साडी वर करून दाखवले. दोन्ही सुजलेत. माझी सख्खी जाऊ, रोज हातभर अंतरावर, आणि मला दिसलं नाही. शरम वाटते.

आता इथेच झोपलीये, पाय माझ्या मांडीवर टाकून. मी एका हाताने लिहितेय. दुसरा तिच्या गुडघ्यावर आहे.