वाऱ्याची वही

अड्याळ,
१८ मे

प्रिय इश्वर,

तीस वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, कोणी आजारी नाही. सचिनचे कागद तुझ्याकडे पोचण्याआधी हे पत्र पोचावं, एवढ्यासाठी घाईने लिहिते आहे.

सचिन म्हणजे आपल्या वेळच्या सुमनबाई नर्सचा मुलगा. आता इंजिनियर झालाय. इथली वीज मात्र तशीच आहे. वादळात तारेवर फांदी पडते आणि लाइन दोन-दोन दिवस येत नाही. गेल्या महिन्यात दवाखान्याच्या फ्रिजमधल्या सगळ्या लशी टाकून द्याव्या लागल्या. म्हणून त्याला दवाखान्यासाठी नवी पवनचक्की उभारायची आहे. शाळेच्या कपाटात त्याला वाऱ्याची जुनी वही सापडली. आकडे बघून म्हणतो, "बाई, एवढा वारा होता तं चक्की काहून नाही फिरली जी? मशीनच खराब असन." त्या आकड्यांखाली तुझी सही मिळाली की मंजुरी येईल.

वही हातात घेतली आणि तलावाची पाळ डोळ्यांसमोर आली. तू तिथे खांब रोवलास, वर तीन वाट्यांचं फिरतं यंत्र बसवलंस. रोज शाळेआधी मी त्यावरचा आकडा लिहून ठेवायचे, शनिवारी तू भंडाऱ्याहून येऊन उतरवून घ्यायचास. माझ्या घरमालकीण ललिताबाई चहा देताना तुझ्यादेखत विचारायच्या, "सायेब वारा मोजाले येते का तुमाले पाहाले येते, बाई?" तू कपात बघत राहायचास. तुझे कान लाल व्हायचे. सहाव्या महिन्यात तू म्हणालास, सरासरी सेकंदाला साडेचार मीटरच्या वर गेली नाही, तर सगळं सामान साताऱ्याला न्यावं लागेल.

सरासरी वर गेली. चक्की उभी राहिली, नारळ फुटला, आणि पाती हललीच नाहीत. धनीराम शिपाई म्हणाला, "सायेब, तुमचा पंखा झोपून राहिला ना जी, त्याले चाय पाजा." सगळे हसले, तूही हसल्यासारखं केलंस. मग एका दुपारी लाइन गेली. चक्कीच्या बॅटऱ्या रिकाम्याच होत्या. सुमनबाई लशींच्या बाटल्या खड्ड्यात टाकत होती आणि तू शेजारी उभा होतास. पुण्याहून तुझं एकच पत्र आलं, "माझं गणित चुकलं." त्यानंतर तू कॉलेजात शिकवत राहिलास, पुन्हा एकही चक्की उभारली नाहीस. ते मला इतरांकडून कळत गेलं.

इश्वर, गणित बरोबर होतं. यंत्र तीन दाखवायचं, मी पाच लिहायचे. सहाव्या महिन्यापासून रोज. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी घोटून घेतलेलं अक्षर होतं, त्यावर कोणाला शंका आली नाही. तुलाही नाही. त्या कागदांवर सही करू नकोस. सचिनला मी उद्या स्वतः सांगणार आहे. दवाखान्यावर सौर पट्ट्या लाव म्हणेन, ऊन तरी इथे खरं आहे. त्याच्याआधी तुला कळायला हवं होतं, म्हणून हे पत्र. सामान साताऱ्याला गेलं असतं तर तूही गेला असतास, मला तेव्हा तेवढंच दिसत होतं.

माफ करशील की नाही ठाऊक नाही, तरी तुझीच,
साधना