नदी वर जाते

८ फेब्रुवारी १९९६

परीक्षा! सुनेची! नगररचना खात्यात इतकी वर्षं नोकरी झाली, अख्ख्या शहराच्या योजना आखते, आणि आता दिल्लीची माणसं येऊन बघणार — अपर्णाला नकाशा वाचता येतो का! बाहेरच्या कर्जावर गटारं बांधायची आहेत म्हणे. कर्ज देणाऱ्यांना खात्री हवी. पास होतील ते उज्जैनलाच, या कामावर. बाकीच्यांची बदली, थेट शहडोलला.

हे सांगताना ती पोळ्या लाटत होती. जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट. सुहास म्हणाला, "हो जाएगा यार." बायकोला यार!

ती गेली तर सुहासही बँकेतून बदली मागणार. नात निहारिका तर जाणारच. मग नानाखेड्याच्या या घरात मी आणि सुहासच्या आईचा, कुसुमचा, फोटो.

११ फेब्रुवारी

अभ्यासाचं नाव नाही. मलाच काळजी. पाटबंधारे खात्यात जन्मभर मोजणीची साखळी ओढली मी. सातवीच शिकलो, पण नदी-नाल्यांचं मला कुणी सांगू नये. तिला म्हटलं, "कागद पुढे आला की आधी नदी बघ. नदी वर जाते. क्षिप्रा उत्तरेला जाते आणि कागदावर उत्तर वर. एवढं धरलं की बाकी सगळं आपोआप बसतं."

"नाना, सगळ्या नद्या क्षिप्रा नसतात."

उलट उत्तर! शेजारच्या जयूवहिनी चहाला आल्या होत्या, त्यांच्यासमोर! मग मीही म्हटलं, "तुम्ही पुस्तकं बघितलीत, आम्ही पाणी बघितलंय." जयूवहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. अपर्णा आत गेली ती बाहेर आलीच नाही.

१२ फेब्रुवारी

आज चहा तिने सुहासच्या हाती पाठवला. मीही रिकामा कप त्याच्याच हाती परत पाठवला.

१५ फेब्रुवारी

केबलची तार काढून कपाटात टाकली. परीक्षा होईपर्यंत टीव्ही नको. सुहास ओरडला, "नाना, वर्ल्ड कप चालू आहे!" असेल. तुझी बायको शहडोलला गेली की बघ वर्ल्ड कप.

तिच्या टेबलावरचा पसाराही नीट लावून ठेवला. त्यावरून केवढं रामायण! "माझ्या कागदांना हात लावत जाऊ नका, नाना. किती वेळा सांगायचं?" या घरात चांगलं करायची सोय नाही.

१९ फेब्रुवारी

उद्या परीक्षा. राहवेना. टेम्पोने देवास गेटपर्यंत गेलो, तिथून पायी तिच्या ऑफिसात. दिल्लीचे साहेब व्हरांड्यातच भेटले. हात जोडले. म्हटलं, "साहब, अपर्णा मेरी बहू है. ज़रा घबरा जाती है. देख लीजिएगा."

"बाबूजी, इसमें देखने का क्या है? नक्शा सबको एक ही मिलेगा."

माणूस बरा होता. मागे दोन बाबू हसत होते. "मैडम के ससुर जी सिफ़ारिश लाए हैं!" वर बघितलं तर जिन्यात अपर्णा उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे.

घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "का आलात?"

"तुझ्यासाठीच ना!"

मग? कुणासाठी जाणार?

२० फेब्रुवारी

"कसा गेला पेपर?" "ठीक."

ठीक म्हणजे काय!

२ मार्च

लागला निकाल. व्हायचं ते झालं.

तिने सगळं सांगितलं, एका दमात, पाठ केल्यासारखं. नकाशा बिननावाच्या गावाचा होता. पिण्याचं पाणी नदीच्या कुठल्या टोकाला उचलायचं आणि गटार कुठे सोडायचं, ते दाखवायचं होतं. ऑफिसात उज्जैनचे चौघं. चौघांनीही क्षिप्रेसारखीच नदी वर जाते असं धरलं. गटार वरच्या टोकाला सोडलं, पाणी खालून उचललं. उंचीचे आकडे कागदावर छापलेले होते, पण बघतो कोण! ती नदी वरून खाली येत होती. म्हणजे गाव आपलंच गटार प्यालं असतं. दिल्लीवाले पोट धरून हसले म्हणे.

"आणि तू?"

"मीही, नाना." माझ्याकडे बघितलं नाही.

उज्जैनची माणसं चालली शहडोलला, आणि परीक्षेला भिंड-जबलपूरहून आलेले उज्जैनची गटारं बांधणार! वा रे सरकार!

पण नदी वर जाते हे तिच्या डोक्यात कुणी घातलं? मीच. एकदा तरी म्हणावं तिने, नाना, तुमच्यामुळे झालं. भांडावं. तेही नाही. पानात भाकरी वाढते, "भाजी हवी?" विचारते, आणि जाते.

४ मार्च

म्हटलं, "अर्ज कर. मी येतो बरोबर, साहेबांच्या पाया पडतो. चूक माझी आहे, सांगतो."

"नको!" एवढ्या मोठ्याने की निहारिका रडायला लागली. मग हळू आवाजात, "नको, नाना. झालं ते झालं."

मनाने चांगली आहे. माझ्यावर आळ येऊ देत नाही.

७ मार्च

खोकी आली. सुहास खाली बघून म्हणाला, "नाना, तिकडचा क्वार्टर लहान आहे. तुमचे डॉक्टर इथे, ओळखीचे लोक इथे." मी कुठे काही मागितलं होतं?

एकदा विचारून तर बघायचं. मी नाहीच म्हणालो असतो.

१० मार्च

टावर चौकात श्रीकांत भेटला, अपर्णाच्या ऑफिसातला. त्याचीही बदली झाली आहे. त्याच्याजवळ मन मोकळं केलं — माझ्यामुळे पोरीचं नुकसान झालं. तो म्हणाला, "काय बोलताय, नाना? गाव बुडवलं आम्ही तिघांनी. भाभी का पेपर तो सबसे अच्छा था! उज्जैनवाल्यांत नदी बरोबर ओळखली ती त्यांनी एकट्यांनीच. साहेब थांबा-थांबा म्हणत होते. शहडोल तर त्यांनी स्वतःहून लिहून मागितलं."

११ मार्च

अपर्णा भांडी कागदात गुंडाळत होती. शेजारी बसून कागद फाडून दिले. विचारलं नाही.

विचारलं तर ती खरं सांगेल.