आवडाबाईच्या परवान्याची कोरी बाजू

कल्याण, ता. ४ एप्रिल १८८७

राजश्री सहदेवराव यांस दौलत मास्तराचा नमस्कार. आपला खोकला कसा आहे? गेला, की अजून ठाण्याच्या कचेरीत तुमच्या आधी तोच जाऊन बसतो? वहिनींच्या गुडघ्याला निर्गुडी लावली का? आमचे इकडे ठीक. आपली भाची नंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे आणि तिला नववा सरत आला. पाय किंचित सुजतात, खाण्यात कैरीवाचून दुसरे नाव नाही, आणि दिवसातून दोनदा मामाची आठवण काढते.

पत्रास कारण विशेष असे नाही. एक नवलाची हकीकत घडली, ती तुमच्यासारख्या जाणत्या माणसाला कळवावी इतकेच. माझा स्वभाव तुम्ही जाणताच. झाकलेले भांडे दिसले की झाकण उचलल्याशिवाय याला घास जात नाही, असे तुमची बहीण म्हणत असे. (ती आज असती तर ही हकीकत घडलीच नसती. असो.)

आमची आवडाबाई सुईण तुम्हांस आठवत असेलच. तुमची बहीण रतन नंदाच्या वेळी गेली, पण नंदा राहिली ती या बाईच्या हातांनी. गेल्या साली ठाण्याच्या डाक्टर साहेबांनी सुईणींना सहा आठवडे शिकवून परवाने देण्याचे काढले. नखे कापावी, कात्री उकळावी, कार्बोलिकच्या पाण्याने हात धुवावे, आणि मग साहेबांपुढे परीक्षा. बाईला लिहिता-वाचता येत नाही म्हणून सोबत मी गेलो. (कोणी बोलावले नव्हते, पण परीक्षा कशी घेतात हे पाहायला नको?) साहेबांनी कातड्याची एक बाहुली टेबलावर ठेवली आणि हे मूल रडत नाही, काय करशील, असे विचारले. बाईने बाहुली उचलली, उलटी धरली, पाठीवर दोन चापट्या दिल्या, तोंडात बोट फिरवले, आणि साहेबांनाच झापले, की या लेकराला बेंबीच नाही, हे जगायचे कसे? साहेब इतके हसले की चष्मा पुसावा लागला. तेवढ्यात मी कार्बोलिकच्या बाटलीत बोट बुडवून जिभेला लावून पाहिले. दोन दिवस मला मीठ की साखर ते कळत नव्हते. बाई मात्र पास झाली.

परवाना म्हणजे जाडजूड कागद. वर सरकारी शिक्का, खाली साहेबांची सही, मागची बाजू कोरी. मुदत एक वर्ष. वर्ष सरले की तोच कागद ठाण्याला पाठवायचा, साहेब मागे नवा शेरा मारून सही करून देणार. जुना कागद नाही तर नवा शेरा नाही. आणि शेऱ्यावाचून बाळंतिणीला हात लावला तर पहिल्या खेपेस दंड, दुसऱ्या खेपेस कायमची बंदी. आवडाबाईने हे इतके मनावर घेतले आहे की साहेबांसमोर तिने आपल्या खंडोबाची शपथ घेतली. घर गळते म्हणून तिने तो कागद माझ्या पेटीत ठेवायला दिला होता.

आता नवल ऐका. महिन्यापूर्वी खाडीकाठच्या धाकू आगऱ्याच्या घरी मुलगा झाला. पाचवीच्या पूजेला पाटावर कोरा कागद, दौत, लेखणी मांडावी लागते. सटवाई येऊन पोराचे नशीब लिहून जाते. त्या मिठागराच्या वस्तीत कोरा कागद कुठला? तेव्हा कोणा दीडशहाण्याने धाकूला आवडाबाईचा परवानाच दिला, कोरी बाजू वर करून! सकाळी धाकूच्या आईने कागद उलटा करून पाहिला तो मागे शिक्का. झाले! सटवाईने पोराचे नशीब शिक्कामोर्तब करून दिले, पोरगा मामलेदार होणार, अशी वस्तीभर ओरड. कागदाची घडी तांबड्या फडक्यात शिवून पाळण्याला बांधली आहे. मी तीनदा गेलो. पहिल्यांदा गूळ घेऊन, दुसऱ्यांदा चार कोरे कागद घेऊन, तिसऱ्यांदा रिकाम्या हाताने. म्हातारी पाळण्याला मिठी मारून म्हणाली, "मास्तर, पोराचं नशीब परत मागायला आलाव? तुमाला काळीज हाय का नाय?" शेजारच्या दोन गरोदर बायकांनी तर मला तसलाच शिक्क्याचा कागद आताच सांगून ठेवला आहे.

सहदेवराव, सटवाई शाईने लिहिते की नुसत्या बोटाने, हे कोणी तपासले आहे काय? तुमच्या कचेरीत कोणी विद्वान असल्यास सहज विचारावे. बाकी सर्व कुशल. वहिनींस नमस्कार.

आपला,
दौलत

ता. क. तो दीडशहाणा मीच. धाकू कागद मागायला आला तेव्हा घरात कोऱ्या कागदांचे दस्ते होते. पण मनात आले, एका बाजूला सरकारने आधीच लिहिले असेल तर दुसऱ्या बाजूला देवी लिहील काय? सकाळी परत आणू असे ठरवले होते. मुदत परवा संपली. आवडाबाई रोज येऊन विचारते, आणि मी रोज सांगतो की कागद ठाण्याला सहीसाठी गेला आहे. तिला खरे सांगायची मला लाज वाटते, सहदेवराव, फार लाज वाटते. दवाखान्याचे हेडक्लार्क तुमच्या ओळखीचे. त्यांना खरे सांगून, माझे नाव घेऊन, हवा तो दंड मला लावून, बाईला दुसरा कागद काढून द्यावा. पत्र लिहिले ते एवढ्यासाठीच.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच नंदाला कळा सुरू झाल्या. आवडाबाई धावत आली आणि उंबऱ्यावर थांबली. आतून पोर ओरडते आहे आणि ही मला विचारते, "दादा, सायबाची सही झाली का? नसंल तर मी शिवायची नाय, शपथ घेतलीया." मी म्हटले, झाली. ती आत गेली. मी ओसरीवर बसून हे लिहितो आहे.

ता. क. तिसरा. मुलगी झाली. दोघी सुखरूप. बाळाचा रंग तुमच्या घराण्यावर गेला आहे. आवडाबाईने कार्बोलिकने हात धुतले, कोरडे केले, पदराने पुन्हा पुसले, आणि माझ्यासमोर दोन्ही हात पुढे करून म्हणाली, "द्या माझा कागद. वाचता येत नाय, पन सही डोळं भरून बघते." मी म्हटले, नंदाचा मामा घेऊन येतो आहे. ती ओसरीवर बसली आहे. या.