लाल गाडीचे ब्रेक कोणाच्या दारात लागतात

रविवार, २ फेब्रुवारी. सकाळ.
सुप्रीता, आधी तारीख टाक. मागच्या आठवड्यात तू तारीख टाकायला विसरलीस आणि माझा एक अख्खा मंगळवार हरवला. चष्मा शोधू नकोस, डोक्यावर आहे. ही रोजनिशी माझी. बोलणार मी, लिहिणार आणि वाचून दाखवणार तू. काल काय लिहिलं ते तुला आज आठवत नाही, म्हणून तर तुला ठेवलंय.

तर तुझा अण्णा, थोरला भाऊ, माझा नातू प्रणीत, आणि त्याची लाल गाडी. ऑफिसला तीच, आणि महिन्यातून एका रविवारी शहराबाहेर आनेकलच्या पुढे ट्रॅकवर गोल गोल पळवायला तीच. ट्रॅकसाठी त्याने ब्रेकला रेसचे कडक पॅड बसवलेत. ते थंड असले की किंचाळतात. गल्लीच्या वळणावर पाय दाबला की चीं! अख्खी गल्ली दचकते.

माझी तक्रार नव्हती. चीं ऐकली की मी तवा ठेवायचे. तो चपला काढेपर्यंत पहिला डोसा ताटात.

पण आता ती चीं सुचेताबाईही ऐकतात. समोरच्या नव्या बिल्डिंगमधल्या, पुण्याहून आलेल्या, रिटायर्ड मुख्याध्यापिका. त्यांचं गेट आमच्या आधी लागतं. चीं झाली की बाई डबा घेऊन गेटवर. आज त्याने तिथेच उभ्याउभ्या थालीपीठ खाल्लं आणि घरी येऊन म्हणाला, अज्जी, पोट फुल आहे.

मला काही वाटलं नाही. डोसे कावळ्यांना घातले, एवढंच.

मंगळवार, ४ फेब्रुवारी.
संकल्प: मत्सर करायचा नाही. वयाला शोभत नाही.

दुसरा संकल्प: पॅड बदलायला लावायचे. शांत पॅड आले की गाडी कधी आली ते सुचेताबाईंना कळणारच नाही. हा मत्सर नव्हे, व्यवस्था.

देव माझ्या बाजूने. जुने पॅड झिजलेतच. नवे कुठले घ्यावेत म्हणून प्रणीत जेवतानाही फोनमध्ये. आता मीच निवडून देते.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी.
सुप्रीताकडून सगळे व्हिडिओ ऐकून घेतले. सोपं आहे. रस्त्याचे पॅड शांत, थंड असतानाही धरतात. पण ट्रॅकवर चार फेऱ्या मारल्या की तापून वास सुटतो, आणि पाय दाबला तरी गाडी ऐकत नाही. रेसचे तापले तरच धरतात, किंचाळतात, चाकं काजळीने काळी करतात. मधले दोन्हीकडे स्वल्प स्वल्प चालतात.

जेवताना प्रणीतला सांगितलं, बिडाचा तवा तापल्याशिवाय डोसा सुटत नाही, तसे तुझे रेसचे पॅड. सकाळी गल्लीत गाय आडवी आली तर ती काय तुझा तवा तापेपर्यंत थांबणार आहे? तो इतका खूश झाला! म्हणाला, करेक्ट, अज्जी! सुचेता आजीपण सेम हेच म्हणाल्या, फक्त त्यांनी इस्त्रीचं उदाहरण दिलं.

इस्त्री. जिच्या घरचे कपडे बाहेर इस्त्रीला जातात, तिने!

बुधवार, १२ फेब्रुवारी.
सुचेताबाई हिंग मागायला आल्या. मला कमलाताई म्हणतात. माझ्याहून जेमतेम तीन महिन्यांनी लहान, आणि मी ताई! बसल्या, कॉफी प्याल्या, कॉफी जरा कडक झालीय म्हणाल्या, आणि दुसरा कप घेतला.

मग म्हणाल्या, शांत पॅडचा हट्ट कशाला हो? आवाज असला की बरं असतं, पोरगं आलं ते कळतं. मी म्हटलं, कळून करायचंय काय? हसल्या.

म्हणजे शत्रूला आवाज हवाय. माझी निवड बरोबर.

शनिवार, १५ फेब्रुवारी.
यशवंतपूरला गॅरेजमध्ये मी प्रणीतबरोबर जाणार, पुढच्या सीटवर बसणार, असं ठरवलं होतं. तो सरी, म्हणजे बरं, म्हणालाही. निघताना बघते तर पुढे सुचेताबाई. त्यांना स्टेशनवर सोडायचं होतं, भाची येत होती. प्रणीत म्हणाला, अज्जी, तू मागे बस ना, त्यांच्या गुडघ्याला जागा लागते. अय्यो, गुडघे मलाही दोन आहेत.

गॅरेजवाल्या खंडोजीने विचारलं, कुठले बसवू? माझा नातू माझ्याकडे बघून म्हणाला, मधले. शांत. माझ्याकडे बघून!

सोबत आलेली सुप्रीता म्हणते, त्याने ते आठ दिवसांपूर्वीच ऑर्डर केले होते, आणि माझ्या मागच्या भिंतीवर घड्याळ होतं. हे लिहू नकोस. लिहिलंस? राहू दे, तू उद्या विसरशीलच.

रविवार, १६ फेब्रुवारी.
नवे पॅड लोणच्यासारखे मुरवावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, पूर्ण न थांबता करकचून कमी करायचा, परत वेग घ्यायचा. प्रणीत त्यासाठी देवनहळ्ळीकडे निघाला. मी आधीच पुढच्या सीटवर जाऊन बसले होते. मांडीवर चित्रान्नाचा, लिंबू-हळदीच्या भाताचा डबा, झाकण सैल, म्हणजे वाटेत भरवता येईल.

पहिल्या ब्रेकला मी देवाचं नाव घेतलं. दुसऱ्याला डब्याने. काचेवर चित्रान्न, आरशावर शेंगदाणे, प्रणीतच्या कानात कढीपत्ता. तो ओरडला नाही. गाडी बाजूला घेतली आणि फक्त म्हणाला, अज्जी, घरी जाऊ या?

पॅड उत्तम आहेत, यात वाद नाही. दोष डब्याचा.

उतरताना सुचेताबाईंनी गेटवरून माझी पिवळी झालेली साडी पाहिली. हळद का हो, म्हणाल्या. मी म्हटलं, फॅशन.

बुधवार, १९ फेब्रुवारी.
विजय! चीं बंद. संध्याकाळी सुचेताबाई गेटवर आल्याच नाहीत.

एक बारीक गोष्ट. मलाही कळलं नाही. मी वाती वळत बसले, तवा गार. प्रणीत कधी आला कोण जाणे, फ्रिजमधलं दही त्याच्या त्या ओट्समध्ये कालवून खाल्लं आणि खोलीत मीटिंगला बसला. डोसा घेऊन गेले तर हातानेच म्हणाला, नंतर.

उपाय: उद्यापासून व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचं. हवेसाठी.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी.
काल डास. आज स्वल्प डोळा लागला. उठून बघते तर गाडी उभी, बॉनेटसुद्धा गार. प्रणीत म्हणाला, तू झोपली होतीस, डिस्टर्ब नाही केलं. गुणी पोरगा. असला गुण काय कामाचा?

समोर सुचेताबाईही खुर्ची टाकून बसल्या होत्या. हवेसाठी, म्हणाल्या.

रविवार, २३ फेब्रुवारी.
आज त्याचा ट्रॅक. चार वाटणं तयार, तवा तयार, मी पाचपासून जागी. बेल वाजली म्हणून धावले तर दारात सुचेताबाई, हातात डबा. म्हणाल्या, ताई, उठला का तो? मी म्हटलं, उठेल आता. दोघी मिळून खोलीत डोकावलो. पलंग रिकामा. बाहेर गाडी नाही. न किंचाळता गेला, माझ्या पसंतीच्या ब्रेकवर.

पायरीवर बसलो दोघी. बाईंनी डबा मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, त्या आवाजावर मी तवा ठेवायचे हो. माझा मुलगा सिडनीला. तिथे तो कधी घरी येतो, मला काय ऐकू येणार?

मी पण तवाच ठेवायचे, असं सांगणार होते. सांगितलं नाही. कॉफी करून आणली. पाणी जरा जास्त घातलं, त्यांना कडक लागते म्हणून. याला मैत्री म्हणू नये.

सुप्रीता, लिहिणं पुरे. तू दुपारी आनेकलला जाते आहेस ना, दोन डबे ने. मोठ्यात माझं चित्रान्न, ताजं करते. छोट्यात त्यांचं थालीपीठ, लोणी वेगळं, उन्हात वितळेल. ओट्स नकोत. दोन्ही डबे त्याच्यासमोर एकदमच उघड, आणि पहिला घास कुठला घेतला ते येऊन मला सांग. त्यांना नाही.