झिंगोटोनबद्दल माझं स्पष्ट मत

वडसा,
संक्रांतीच्या आधीचा सोमवार

प्रिय प्रणित,

तू पाठवलेला वायरलेस हेडफोन कसा आहे, हे तू फोनवर दर वेळी विचारतोस आणि मी दर वेळी ‘बरा आहे’ म्हणून हवापाण्यावर येतो. आज कागदावर खरं सांगतो. इतकी भिकार वस्तू आपल्या घरात याआधी एकदाच आली होती. तुझ्या मामाने मंडईतून आणलेला तो टॉर्च, जो फक्त दिवसा लागायचा. पण त्याने निदान लसूण तरी ठेचता यायचा.

डब्यापासूनच सुरुवात करतो. डब्यावर एक गोरा पोरगा डोळे मिटून हसतोय, जसा काही त्याला मोक्ष मिळाला आहे. त्याने डोळे का मिटले असावेत ते मला हेडफोन पाहिल्यावर समजलं. कंपनीचं नाव झिंगोटोन. मी इथल्या बाजारात मोबाइलच्या दुकानांतून हे नाव विचारत फिरलो, तर एकाने मला सरळ औषधाच्या दुकानाकडे पाठवलं. कानावरच्या गाद्यांचे काळे पापुद्रे पहिल्याच आठवड्यात सुटायला लागले. मी हेडफोन काढून जेवायला बसलो, तर तुझी आई माझ्याकडे पाहून म्हणाली, “माजरीच्या कोळशाच्या खाणीतून येऊन राह्यले का तुमी? कान धुवा पह्यले.” डोक्यावरची कडी इतकी लेचीपेची की ती डोक्यावर राहतच नाही, घसरून मानेमागे जाते. आणि आत एक बाई बसवली आहे. बटण दाबलं की ती इंग्रजीत काहीतरी किंचाळते, मध्येच कधीतरी पुन्हा किंचाळते, आणि मग बॅटरी संपते. कुणी, कुठे, कशासाठी बोलायचं याचा त्या बाईला काही पत्ता नाही. आमच्या नाटक कंपनीत असती तर मालकांनी, दादाजींनी, तिला पहिल्याच गावात उतरवून दिलं असतं.

आता आवाज. डब्यावर ‘गडगडाटी बास’ असं लिहिलंय. गडगडाट राहू दे, तबल्याचा डग्गा वाजतोय की कुणी पुठ्ठ्यावर टिचकी मारतंय हे ओळखू येत नाही. सगळा आवाज पातळ, टोकदार, पितळी ताटावर चमचा आपटल्यासारखा. शिवाय डावी बाजू मुकी. आमच्या साउंडवाल्या अजयने ती उघडून पाहिली, फुंकर मारली, पुन्हा बंद केली आणि म्हणाला, “काका, याच्यात तारच नाई जोडली बाप्पा कंपनीनं. नुसता डब्बा लावून देल्ला.” आणि सगळ्यात संतापजनक म्हणजे शब्द उशिरा येतो. समोर फोनवर माणसाचे ओठ हलून जातात आणि मग सावकाश, पान खाऊन आल्यासारखा, त्याचा आवाज येतो. दुसऱ्या कुणी हे चालवून घेतलं असतं. मी कसं घ्यावं? माझा सगळा जन्म शब्द वेळेवर पोचवण्यात गेला.

तुला हे सांगायला नको. रंगमंचापुढच्या त्या खड्ड्यात, ऑर्गनच्या बाजूला, तू माझ्या मांडीवर झोपायचास आणि मी तुझ्या डोक्यावरून संहिता वाचायचो. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांत तालीम नावापुरती. आज एका गावाला, उद्या दुसऱ्या, नटाला पाठ करायला वेळच कुठे असतो? खड्ड्यातून प्रॉम्प्टरने शब्द द्यायचा आणि वर नटाने तो उचलायचा. तुझी आई माझा शब्द असा उचलायची की लोकांना वाटायचं, हा आत्ताच तिच्या पोटातून आला. लोक तिला पाहून रडले. मला कुणी पाहिलंसुद्धा नाही, आणि तेच माझ्या कामाचं बक्षीस होतं.

पण हल्लीच्या दोन सीझनमध्ये तिचे संवाद सुटायला लागले होते. दादाजींनी पहिल्यांदा हसण्यावारी नेलं. यंदा दिवाळीनंतर सीझनचा नारळ फुटला आणि पहिल्याच प्रयोगात तुझी आई, इंदू, तिसऱ्या अंकात गप्प उभी राहिली. प्रयोग संपल्यावर दादाजी मला बाजूला घेऊन म्हणाले, “नागसेनभाऊ, बाईचं मन नाई राह्यलं आता. संक्रांतीपर्यंत पाह्यतो. नाई तं आईचा रोल दीपिकाले देऊन टाकतो.” दीपिका! जिला रडायचं असलं की नाकच पुसत बसते, डोळ्यांपर्यंत प्रकरण जातच नाही. मी दादाजींवर भडकलो, जनरेटरच्या आवाजावर खापर फोडलं, अजयला नको ते बोललो. इंदूला हे काही सांगितलं नाही. तिच्यासाठी तो रोल म्हणजे काय आहे ते तुला ठाऊक आहे. उन्हाळ्यात ती भाताच्या रोवणीसाठी बाया शोधते, पावसाळ्यात धान पाहते, पण ती जगते दिवाळी ते होळीच. तो रोल गेला असता तर ती खचली असती, आणि मला त्याचीच भीती होती.

आता माझी फजिती ऐक, आणि हसायचं असेल तर हस. याच दोन सीझनमध्ये ती रंगमंचावरून सारखी माझ्याकडे पाहायला लागली होती. पूर्वी कधी पाहायची नाही. आता मात्र कुठलाही प्रवेश असो, ही सरकत सरकत खड्ड्यासमोर येऊन उभी. दिग्दर्शकाशी जागेवरून भांडायची. नजर सरळ माझ्या तोंडावर. घरीसुद्धा तेच. मी बोलायला लागलो की हातातली सुपलीसुद्धा थांबवून पाहत राहायची. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, म्हातारपणी बाईला नवरा आवडायला लागला. मी मिशा काळ्या केल्या, प्रणित. खड्ड्यात बसायला इस्त्रीचा सदरा घालायला लागलो.

मग ब्रह्मपुरीकडच्या एका गावात प्रयोग होता. थंडी अशी की ऑर्गनवाल्याची बोटं वळेनात. मी नाकातोंडावर मफलर गुंडाळून शब्द देत होतो. तिसऱ्या अंकात आई तुरुंगातून आलेल्या मुलाशी बोलते, तिथे ती थांबली. मी आवाज चढवला. पुढच्या रांगेतल्या बाया माझ्याकडे वळून पाहायला लागल्या इतका चढवला. ती नुसती पाहत होती, माझ्या मफलरकडे. आणि मग त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून, पण नजर माझ्यावरच ठेवून ती म्हणाली, “काऊन तोंड झाकून बसला रे बावा? आईपासून तोंड लपवतेत का? उघड ते!” त्या नटाचं तोंड चांगलं उघडं होतं, बिचारा गांगरला. लोकांना वाटलं, काय वाक्य आहे! टाळ्या कडाडल्या. मी मफलर खाली ओढला, ओठ हलवले, आणि तिने संवाद जसाच्या तसा उचलला. टाळ्या चालूच होत्या, मला तर माझाच आवाज ऐकू येत नव्हता. तरी तिचा एक शब्द चुकला नाही.

त्या प्रयोगाचं बाकी मला काही आठवत नाही. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःच्या मिशांची लाज वाटली. तू म्हणतोस ना, आई हल्ली फोनवर एकटीच बोलते आणि तुझं न ऐकता ठेवून देते? घाई नसते तिला, बाळा. तिला समोरचं काही ऐकूच येत नाही.

तिला हे विचारण्याची माझी छाती नाही. मागे एका नटीच्या कानात मशीन दिसलं, तर त्यावर हीच पदराआड हसली होती. “आता देवीच्या रोलमधी का मशीनवाली देवी दाखवतेत?” असं म्हणाली होती. ते हसणं आता तिच्या अंगावर आलं असतं. मग मी एक नाटक केलं. आयुष्यात कधी वर चढलो नाही, पण या वयात अभिनय केला. माझा गळा बसला, असं जाहीर केलं. घोगरं बोलायला लागलो, मग कुजबुजायला लागलो. दादाजींना सांगितलं, डॉक्टरने आवाज चढवायला मना केलं आहे, आईचे संवाद तेवढे या यंत्रातून देतो, बाकीच्यांचं घोगऱ्या आवाजात भागवतो. इंदूपुढे झिंगोटोन ठेवला आणि खाणाखुणा करून सांगितलं की तू हे घातलंस तरच माझी नोकरी टिकते. तिने तो चिमटीत धरून पाहिला, शेणात पडलेला चमचा उचलावा तसा. म्हणाली, “जल्मभर गळ्यावर पोट भरलं, आता तोच गेला. द्या तो कचरा इकडे. तुमच्यासाठी घालीन, नाई तं असल्या वस्तूले मी हातही नाई लावत.”

अजयने माझ्या फोनात काहीतरी टाकून दिलं. खड्ड्यात मी फोन तोंडापाशी धरून बोलतो आणि ते तिच्या कानात पडतं. आता ऐक, या कचऱ्याने काय केलं. ती लेचीपेची कडी मानेमागून अंबाड्याखाली जाते, वर गंगावन आणि आईचा पदर, कुणाला काही दिसत नाही. मुकी डावी बाजू तिने कानामागे सरकवली, त्यामुळे सोबतच्या नटांचं जे काही थोडंफार पडेल ते ऐकायला तो कान मोकळा राहतो. शब्द उशिरा येतो, म्हणून मी अर्धं वाक्य पुढे धावतो. तेवढं माझ्या हातचं आहे. आणि तो चमचा आपटल्यासारखा पातळ, टोकदार आवाज, ज्याला मी शिव्या घातल्या, तोच तेवढा तिच्या कानात शिरतो. अजयने स्वतःचा भारी, नामांकित कंपनीचा हेडफोन तिला लावून पाहिला होता. त्यात आवाज तुपासारखा. तिला एक शब्द लागला नाही. तिने तो काढून परत दिला आणि म्हणाली, “हा मुका हाये. मले माहाच कचरा द्या.”

परवाच्या मंडईच्या जत्रेत तिने तिसरा अंक असा केला की ऑर्गनवाल्याने डोळे पुसले. बऱ्याच दिवसांनी ती खड्ड्यापासून दूर, पार मागच्या पायरीपर्यंत गेली आणि माझ्याकडे पाठ करून बोलली. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी खड्ड्यात बसून रडलो, आणि रडताना अर्धं वाक्य पुढे धावणं किती अवघड आहे ते तुला सांगू शकत नाही. दादाजी म्हणाले, “बाई पुन्हा रंगात आली. दीपिकाले सुनेचाच रोल राहू दे.”

पण झिंगोटोन तो झिंगोटोनच. चार्जिंगचं भोक सैल झालं आहे. अजय त्यात आगपेटीची काडी खोचून चालवतो आणि कधी दगा देईल याचा नेम नाही. म्हणून, दुसरा पाठव. हाच नमुना, हीच टुकार कंपनी. सुधारलेला नवीन आला असेल तर तो नको. या लोकांनी सुधारणा केली म्हणजे तो चांगला वाजेल आणि आपली वाट लागेल.

आणि आता हे सगळं पत्रात का, ते. आईने तुला एकतर्फी फोनवर सांगितलं की बाबांचा गळा गेला, आणि तू घाबरून मला नागपूरच्या दवाखान्यात न्यायला येतो म्हणतोस. येऊ नकोस. माझा गळा ठणठणीत आहे. फक्त रोज तिने करून दिलेला अडुळशाचा काढा गिळावा लागतो, आणि तो या हेडफोनपेक्षाही वाईट आहे. होळीनंतर ये. तेव्हा आपण दोघं मिळून तिला कानाच्या डॉक्टरकडे न्यायला तयार करू. मला एकट्याला ते जमणार नाही. तोपर्यंत बाबांचा गळा बसला आहे, हे तूही धरून चाल. फोनवर हे सांगता आलं असतं, मी शेजारी बसून ओरडलो असतो तरी तिला ऐकू गेलं नसतं. पण मी फोन कानाला लावला की ती हातातलं काम टाकून समोर येऊन बसते आणि माझ्या ओठांवरून नजर काढत नाही. आताही ती समोरच बसली आहे, धान पाखडते आहे. म्हणून तोंड घट्ट मिटून लिहितो आहे.

तुझाच,
गळा बसलेला
बाबा